परत आलेला डबा

डबा परत आला तेव्हा बाई ओटा पुसत होत्या. कुरिअरवाल्याने दारातच सही घेतली आणि म्हणाला, "तिथे कुणी राहत नाही. कुलूप आहे म्हणे." खोक्यावर त्यांच्याच अक्षरातला पत्ता होता, त्यावर कुणीतरी आडवी लाल रेघ ओढली होती.

बाई दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायच्या. पुढच्या खोलीत डॉक्टर, पेशंट, कण्हणं, हसणं. मागे बाई, प्लास्टरचे साचे आणि मेण वितळवायचा बारका दिवा. कितीतरी माणसं त्यांनी बसवलेल्या दातांनी जेवत होती, पण त्यातलं एखादं समोरून चालत आलं असतं तरी बाईंनी ओळखलं नसतं. दवाखान्यात सगळे त्यांना 'दातवाल्या बाई' म्हणायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा आणि सून दूरच्या शहरात. मुलगा दोन-चार आठवड्यांनी फोन करायचा, तब्येत विचारायचा, हवा कशी आहे ते सांगायचा. हवेवर आला की बाई समजायच्या, आता फोन ठेवणार.

त्याच्यासाठी त्या दर महिन्याला ओट्सच्या वड्या करायच्या. ओट्स कढईत कोरडे भाजायचे, जर्दाळू, अंजीर आणि मनुका कात्रीने बारीक कापायच्या. दातांची सवय असलेला हात, त्यामुळे तुकडे अगदी एकसारखे व्हायचे. डॉक्टरांना एखादी वडी चाखायला दिली की ते म्हणायचे, "बाई, असंच चिकट करत राहा. आपला दवाखाना बंद पडायचा नाही." बाकीच्या वड्या डब्यात भरून मुलाकडे जायच्या.

त्यांनी मुलाला फोन लावला.

"अगं, घर बदललं मी," तो म्हणाला. "सांगायचं राहूनच गेलं."

"कधी?"

"झाले काही महिने."

"पण मागचा डबा मिळाला म्हणालास की. वड्या मस्त झाल्यात म्हणालास."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"आई, आम्ही वेगळे झालोय. मी बाहेर पडलो. ती तिथेच होती. आता तिनेही जागा सोडलेली दिसतेय."

"भांडणबिंडण झालं का?"

"नाही गं. भांडलो असतो तर बरं झालं असतं."

"मग मला का नाही बोललास?"

"तू तिथे एकटी. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला."

टीव्ही बंद झाल्यावर त्याच्या घरातही दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता, हे बाईंच्या लक्षात आलं. काहीतरी विचारायला हवं होतं आणि नेमकं काय ते सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो."

फोन ठेवल्यावर त्यांनी खोकं उघडलं. प्रवासात दोन वड्यांचे कोपरे तुटले होते, बाकी सगळं जसंच्या तसं. न खाता मस्त म्हणाला, याचं त्यांना वाईट वाटलंच. पण मनात वेगळंच घोळत राहिलं. आधीचे डबे परत आले नव्हते. म्हणजे ते कुणीतरी घेतले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दुपारी सामसूम होती. बाईंनी हातातला साचा बाजूला ठेवला, बोटांवरचं प्लास्टर पुसलं आणि सुनेला फोन केला. ती उचलेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"आई?" सून म्हणाली. "बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे. डबा परत आला, म्हणून फोन केला."

ती म्हणाली, "मी जागा सोडली. तुम्हाला कळवायला हवं होतं. पण आधी त्याने सांगावं असं वाटत होतं. तो सांगेना, आणि तुमचे डबे तर येतच राहिले."

"तू काय केलंस त्यांचं?"

"खाल्ले. मीच खायचे. सकाळी कामावर जाताना एक, संध्याकाळी आल्यावर एक. पहिला डबा त्याला नेऊन देणार होते, खरंच. मग म्हटलं, एक खाऊन बघू. आई, त्या दिवसांत घरी माझ्यासाठी दुसरं काहीच येत नव्हतं. राग आला का तुम्हाला?"

"राग कसला," बाई म्हणाल्या. "खायलाच पाठवल्या होत्या."

आणि त्यांना खरंच राग आला नव्हता. इतके दिवस आपल्या वड्या कुणीतरी वाट बघून खात होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता, एवढंच त्यांना वाटत राहिलं.

"नवा पत्ता दे," त्या म्हणाल्या. "हाच डबा पाठवते. चांगला आहे अजून."

"नको, आई." सून हळू बोलत होती, पण अडखळली नाही. "तुमच्यावर राग नाही माझा. पण तुमचा डबा आला की मी अजून त्याच घरात आहे असं वाटतं. आता नको. कशा करायच्या ते मात्र सांगा."

बाईंनी सांगितलं. काही हातचं न राखता सांगितलं. ओट्स खमंग वास येईपर्यंत भाजायचे. खजूर गरम पाण्यात भिजवून कुस्करायचे, लोणी आणि मध एकत्र गरम करून त्यात घालायचे. सगळं नीट कालवून ट्रेमध्ये ओतलं की वाटीच्या बुडाने जोर लावून दाबायचं, हातात जीव नसल्यासारखं थोपटायचं नाही. मग ट्रे ओव्हनमध्ये ठेवायचा आणि कडा तांबूस झाल्या की बाहेर काढायचा.

"आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. धीर धरवत नाही, पण धरायचा."

सून मधूनमधून हं म्हणत होती. बोलता बोलता बाईंना कळत होतं, हे सांगून झालं की पुन्हा फोन करायला काही कारण उरणार नाही. तरी त्यांनी घाई केली नाही. अक्रोड कुठले घ्यायचे तेही सांगितलं.

"येते, आई," शेवटी सून म्हणाली, जणू दारात उभी राहून बोलत होती.

पुढच्या रविवारी मुलाचा फोन आला. त्याने नवा पत्ता दिला. "पाठव हं वड्या," म्हणाला. बाईंनी विचारलं, "तुला खरंच आवडतात का रे?" तो घुटमळला. मग म्हणाला, "लहानपणी आवडायच्या." त्यानंतर हवेचं काही बोलला नाही. फोनही ठेवला नाही. त्याच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली तेव्हा तो म्हणाला, "भात लावलाय. ठेवू?"

"ठेव."

संध्याकाळी सुनेचा मेसेज आला. एकच शब्द होता: 'जमल्या.'

बाईंनी उत्तर लिहायला घेतलं. थंडीची काळजी घे, नवीन जागा कशी आहे, शेजार बरा आहे ना, असं बरंच लिहिलं. मग ते सगळं पुसलं आणि 'छान' एवढंच पाठवलं. ते वाचल्याची खूण झाली. बाई बराच वेळ फोन हातात धरून बसल्या. मग उठून त्यांनी आपल्यापुरती पोळी केली आणि जेवायला बसल्या.