सहाण, गुटी आणि अक्काचा ओठ

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे, आणि ओळखपाळख व्हायच्या आधीच मला कौसल्याअक्काची तक्रार सांगायची आहे. ही बाई माझ्यावर बाळगुटी उगाळते, चाटण बोटावर घेते, आधी स्वतःच्या जिभेला लावते, कडू किती, पातळ किती ते बघते, आणि तेच बोट बाळाच्या तोंडात घालते. मध्ये हात धुणं नाही. कोणी काही बोललं तर म्हणते, "औषधाला विटाळ नसतो." एरवी तिचं सोवळं एवढं कडक, की वाळत घातलेल्या लुगड्याला कोणाचा पदर लागला तरी ती पुन्हा आंघोळ करते.

मी काही ऐरीगैरी सहाण नाही. पाथरवटाने मला टाकीने गोल केलं, कडेला बारीक पन्हळ काढली. धारवाडजवळच्या आमच्या शहरातल्या दुर्गदबैलाच्या बाजारात अंबूताईने चार सहाणा नखाने वाजवून पाहिल्या आणि मला उचललं. तेव्हापासून मी विद्यानगरच्या या घरात आहे. मला पाय नाहीत. कोणी उचललं तर जायचं, ठेवलं तिथे बसायचं. दार सताड उघडं असलं तरी माझ्या कामाचं नाही.

अंबूताईच्या तिन्ही लेकरांची गुटी माझ्यावर उगाळली गेली. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ. येणाऱ्या बाया म्हणायच्या, "काय गुळगुळीत आहे हो सहाण." मी मनात म्हणायची, आहेच. मग लेकरं मोठी झाली, औषधाच्या बाटल्या घरात आल्या, आणि मी फडताळाखाली गेले. तिथे माझ्यावरून झुरळं फिरली. कोणाला सांगणार?

नव्वद साल उलटून गेल्यावरची गोष्ट. अंबूताईचा मुलगा सुमंत, त्याची बायको नेत्रा. त्यांचा श्रीवत्स अडीच वर्षांचा होता, तेव्हा नेत्राला मुलगी झाली. मदतीला म्हणून अंबूताईची थोरली नणंद, हीच आमची कौसल्याअक्का, धारवाडहून आली. बस उन्हात बंद पडलेली, अक्का घामाघूम. रात्रीपर्यंत तिचा ओठ चुरचुरायला लागला. दुसऱ्या दिवशी ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा घोस आला.

"उष्णता, दुसरं काय," अक्का म्हणाली. तिला हे दर उन्हाळ्यात व्हायचं. लोणी लावलं आणि कामाला लागली.

घरात सोयर होतं, म्हणून बाळाला आणि बाळंतिणीला ती शिवत नव्हती. तोवर बाळ वाचलं ते त्या सोयरामुळे, असं मी आजही म्हणते. पण श्रीवत्स तिच्या मांडीवरून उतरायचा नाही. भाकरीचा पापुद्रा कडक लागला तर अक्का स्वतः चावून मऊ करायची आणि त्याला भरवायची. वर दोन्ही गालांचे, ओठांचे मुके.

थोड्याच दिवसांत पोर तापाने फणफणलं. हिरड्या लालभडक सुजल्या, जिभेवर आणि गालाच्या आत फोड, सारखी लाळ. पाण्याचा घोटसुद्धा गिळेना. अंबूताईने दृष्ट काढली. मग डॉक्टर राघवेंद्र आले.

"बायी तगी, मरी," तोंड उघड बाळा, असं कानडीत म्हणत त्यांनी त्याच्या तोंडात पाहिलं आणि मागे वळून विचारलं, "घरात कोणाच्या ओठावर पुटकुळ्या आहेत?"

अक्काने पदर तोंडावर ओढला. तेवढ्यानेच उत्तर मिळालं.

"याला हर्पीस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "यात लाजण्यासारखं काही नाही, पुष्कळांना असतं. लहानपणी कोणाच्या तरी मुक्यातून, लाळेतून येतं आणि नसेत जाऊन झोपतं. मग जन्मभर जात नाही. ऊन, ताप, दगदग झाली की उठतं. आधी चुरचुर, मग पुटकुळ्या, मग फुटून खपली."

"म्हणजे उष्णतेनं नाही होय?" अंबूताईने विचारलं.

"उष्णतेनं जागं होतं, अव्वा. पण येतं ते माणसाकडून." मग ते हळू बोलले. "हा बरा होईल. चमच्याने पाणी पाजत राहा. भीती त्या तान्हीची आहे. इतक्या लहान बाळाला लागलं तर मेंदूपर्यंत जातं. दूध सोडतं, मलूल पडतं, झटके येतात, जीव जातो. खपली पडून ओठ कोरा होईपर्यंत या बाईंनी तिच्याजवळ जायचं नाही. या पोरालाही लांब ठेवा. टॉवेल, भांडी वेगळी, हात साबणाने धुवायचे. आणि गुटीबिटी नको, आईचं दूध पुरे."

गुटीबिटी! मला राग आला. जन्म गेला माझा त्या गुटीत. पण फडताळाखाली बसून विचार केला. ते नसेत दडलेलंही माझ्यासारखंच, एका कोपऱ्यात अडकलेलं. फरक एवढाच, की त्याला आपणहून उठता येतं. मला येत नाही.

सोयर फिटलं. सकाळी अक्काने न्हाऊन मला बाहेर ओढलं, राखेने घासून लखलखीत केलं आणि बाळंतिणीच्या खोलीत नेलं. किती वर्षांनी अंगावर पाणी पडलं होतं, पण मला ते नको होतं. ती दारातच पाट मांडून बसली. खोलीला दार एकच. नेत्रा बाळाला घेऊन भिंतीला टेकलेली.

"अक्का, डॉक्टर नको म्हणालेत," नेत्रा म्हणाली.

"त्या डॉक्टरानं किती पोरं न्हाऊ घातलीत गं? तुझा नवरा याच बोटावर वाढलाय."

"तुमच्या ओठाची खपली अजून ओली आहे."

"आण इकडं. पहिली गुटी आहे, रडवू नकोस तिला."

वेखंड माझ्या पाठीवर फिरलं. बोट चाटणात बुडालं, जिभेला लागलं, त्या ओल्या खपलीला घासलं. बोटाखाली मी, समोर बाळ, आणि मला उलटंही होता येईना. मित्रांनो, तुम्हाला हातपाय आहेत, तोंड आहे. ओठावर पुटकुळी असेल तर तान्ह्याचा मुका घेऊ नका, आणि कोणी घेत असेल तर माझ्यासारखं गप्प बसू नका. मला तुम्ही खुशाल कोपऱ्यात टाका. झुरळं चालतील मला.

अक्काने बोट पुढे केलं. तेवढ्यात मागून एक हात आला आणि तिचं मनगट धरलं. अंबूताई होती. मी या घरात आल्यापासून तिने या नणंदेला 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"माझा हात धरतेस, अंबू? या घरची लेक आहे मी."

अंबूताईने दुसऱ्या हाताने तांब्याभर पाणी माझ्यावर ओतलं. सगळी गुटी मोरीकडे वाहून गेली.

"लेक आहात म्हणून नुसता हात धरला, अक्का. ओठ कोरा होईपर्यंत या खोलीत तुमचं पाऊल पडायचं नाही. रागवा, धारवाडला जा, गावभर माझी बदनामी करा की. पोर जगली तर तुमची समजूत मी पाया पडून घालीन. ती गेली, तर तुमचा मान घेऊन मी काय करू?"