अडकणारं दार

सुताराने एका बोटाने दार ढकललं आणि ते हूं का चूं न करता उघडलं. समितीच्या सचिवबाईंनी टाळ्याच वाजवल्या.

"अहो, हे तेच दार? माझा अर्धा जन्म याला रेटण्यात गेला!"

चर्चचं हे जाडजूड दार कुणालाही आठवतंय तेव्हापासून अडकत आलेलं. प्रार्थनेला माणसं कमी होत गेली, छप्पर गळू लागलं, तेव्हा गावकऱ्यांनी समिती नेमून इमारत दुरुस्तीला काढली. रविवारी प्रार्थना, एरवी सभागृह म्हणून लग्नं, गाणं, मुलांची नाटकं. छप्पर झालं, बाकांना पॉलिश झालं. दार मात्र सुताराने मुद्दाम शेवटी, जीव ओतून रंधा मारून सारखं केलं होतं. कारण त्याच दाराशी त्याचे वडील बसणार होते.

म्हातारा इथला जुना रखवालदार. दृष्टी जाऊनही तो शेवटच्या बाकावरून आत येणाऱ्या प्रत्येकाचं बिनचूक स्वागत करायचा. नव्या सभागृहातही पाहुण्यांचं स्वागत त्यानेच करावं असं समितीने ठरवलं, तेव्हा स्वारी इतकी खूश झाली की कोटाला दोनदा इस्त्री करून घेतली.

दुपारी गाण्याची तालीम होती. माणसं येत राहिली. म्हातारा मान तिरकी करून ऐकत होता. डॉक्टरीणबाई आत गेल्या, पोस्टमन गेला, तो गप्पच. मग अंदाजाने मोठ्यांदा म्हणाला, "या, या!" समोर कुणीच नव्हतं. कुणीतरी हसलं.

घरी जाताना म्हातारा मुलाला म्हणाला, "समितीला उद्घाटनासाठी दुसरं कुणी बघायला सांग."

"का हो बाबा?"

"पावलं सगळ्यांची सारखीच वाटतात रे. दाराची तऱ्हा मात्र ज्याची त्याची होती. डॉक्टरीणबाई आधी कडी खडखडवायच्या. पोस्टमन सरळ लाथ घालायचा. आता नुसता वारा येतो. शोभेला म्हणून मला बसवू नका."

सुताराला आता उमगलं. एवढी मेहनत घेतली ती बापाचं काम घालवायला! आणि रंध्याने तासलेलं लाकूड काही परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो दाराच्या तळाशी लाकडाची पातळ पट्टी ठोकत बसला. सचिवबाई बघतच राहिल्या.

"मिस्त्री, चांगलं चालतं दार कशाला बिघडवताय?"

"बाबांना ऐकू येत नाही हो ते."

बाईंनी शेवटच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मग पदर खोचून खाली बसल्या आणि पट्टीचं दुसरं टोक दाबून धरलं. तालमीच्या आधी, "घटकाभर बसा नुसते," म्हणत म्हाताऱ्याला मागच्या दाराने त्यांनीच आणून बसवलं.

सुतार बाहेर पायरीवर उभा राहिला. कडी खडखडली.

"या डॉक्टरीणबाई!" आतून खणखणीत आवाज आला.

मग लाथ.

"पोस्टमनसाहेब, नवा रंग आहे, जरा जपून!"

आत हशा पिकला. सुतारालाही हसू आवरेना. एकेक करत सगळे आत गेले आणि पायरीवर तो एकटाच उरला. हत्यारं आत होती. नेहमीसारखा तो मागच्या दाराकडे वळला आणि थबकला.

इतके महिने इथे काम केलं, पण या दारातून तो आई गेल्यापासून आत शिरला नव्हता. तेव्हा त्याने प्रार्थना सोडली ती सोडलीच. वडिलांनी कधी कारण विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. लहानपणी तो हमखास उशिरा यायचा. वडील शेवटच्या बाकावरून पुटपुटायचे, "धाकटे आले," आणि शेजारी बसलेली आई सरकून जागा करायची.

त्याने लहानपणीसारखा दाराला आधी गुडघा लावला, मग खांदा. दार कुरकुरलं आणि उघडलं.

या वेळी खणखणीत आवाज आला नाही. म्हाताऱ्याचे ओठ नुसतेच हलले. मग कोट सावरत तो बाकावर थोडा सरकला.