बिननावाचं ताट

मोरिवाकीच्या सिनेमांतला भात संपत चालला होता.

दर खेळाला वाडग्यात थोडा कमी. सुरुवातीला पडद्यावर चांगला डोंगर दिसायचा, वाफ निघायची. आता तळाला चिकटलेली शितं उरली होती. आणि परदेशात कुठल्याशा मोठ्या महोत्सवात म्हाताऱ्याचे सगळे सिनेमे एका दमात दाखवायचे होते. स्टुडिओवाल्यांना नुसता घाम फुटलेला.

हा मोरिवाकी म्हणजे लढाईनंतरच्या जपानातला सगळ्यात बडा दिग्दर्शक. त्याच्या प्रत्येक सिनेमात एक घर असायचं, घरात जेवणाची वेळ, आणि एका रिकाम्या बैठकीसमोर वाढलेलं ताट. त्यांच्याकडे तशी रीतच आहे. घरचं कुणी लढाईवर गेलं, दूरदेशी गेलं, की त्याच्या नावानं घरात ताट वाढायचं. मग तो असेल तिथं उपाशी राहत नाही. हे ताट जिवंत माणसाचं. मेलेल्यांचं वेगळं असतं. वाढताना नाव मात्र मोठ्यानं घ्यावं लागतं.

मोरिवाकी नाव घेऊ द्यायचा नाही. "बघणाऱ्यानं आपापलं नाव घालावं," म्हणायचा. त्यावर शहाण्या लोकांनी ढीगभर लेख लिहिले. काय ती खोली, काय ते मौन! बिननावाचं ताट म्हणजे कुणीही शिरावं असं सताड उघडं दार, हे त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ते ताट वाढायची नटी कियोए. प्रत्येक सिनेमात घरची मुलगी तीच. वाढताना मनातल्या मनात ती आपल्या भावाला हाक मारायची. तात्सुगो. सतरा वर्षांचा असताना लढाईवर गेला तो गेलाच, मेल्याची खबरही आली नाही. आई होती तोवर घरी त्याचं ताट वाढलं जायचं. आई गेल्यावर कियोएनं ते बंद केलं. सिनेमातलं पोचतंय की, असं तिला वाटायचं.

वाडगा रिकामा झाल्यावर पडद्यावरची बाकीची ताटंही रिकामी व्हायला लागली. मग पडद्यावरच्या माणसांचे गाल बसले. कियोए पडद्यावर जेवढी वाळायची तेवढी बाहेरही वाळायची. सकाळी अंगाला नीट बसलेला किमोनो दुपारी खांद्यावरून उतरायचा.

म्हाताऱ्यानं उपाय काढला. जुना सेट परत उभा करा, नवा भात वाढा, तेवढा तुकडा जोडा. कियोए वाढायला बसली. त्यानं वाफ निरखली, म्हणाला, "पुन्हा." परत निरखली, परत म्हणाला, "पुन्हा." शेवटी तुकडा जोडला. सगळे चहा पिऊन आले तोवर वाडगा चाटूनपुसून साफ.

"माझ्याकडे काय बघताय?" प्रोजेक्टर चालवणारा गोन्दा म्हणाला. "मी डबा घरून आणतो."

कुणी हसलं नाही.

"कोण खातंय ते बघायचं असेल तर चला," तो कियोएला हळूच म्हणाला.

त्याच्याकडे रिळाचा एक गंजका डबा होता. लढाई चालू असताना मोरिवाकीनं सरकारसाठी एक सिनेमा काढला होता. स्टेशनात उभी राहून हसणारी पोरं, छातीवर निरोपाचे आडवे पट्टे, मागे गाडी. पोरं खरी होती. शॉट झाला आणि त्याच गाडीनं ती खरंच गेली. देश हरल्यावर म्हाताऱ्यानं त्या सिनेमाची रिळं स्वतःच्या हातानं जाळली. हे एक रीळ गोन्दानं लपवलं होतं.

"हसा, हसा म्हणून हा म्हाताराच ओरडत होता," गोन्दा म्हणाला. "हसेपर्यंत गाडी सोडू दिली नाही त्यानं."

त्यानं रीळ लावलं. फलाट तोच, गाडी तीच. पण कुणी हसत नव्हतं. पोरं चघळत होती. प्रत्येकाच्या ओठाला शितं. एकमेकांच्या हातातला घास ओढत होती, कोपरानं ढकलत होती. आणि अगदी मागे, खांबाला टेकून, तात्सुगो. शर्टातून बरगड्या दिसत होत्या. घरीही हा असाच. सगळ्यांचं झाल्याशिवाय हात पुढे करायचा नाही, मूर्ख.

"याला मिळत नाहीये," कियोए म्हणाली.

"इतकी वर्षं बघतोय. नाहीच मिळत."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोलून काय केलं असतंत?"

तिनं त्याला एक ठेवून दिली. मग म्हणाली, "भात लाव."

भात शिजला. तिनं पडद्यासमोर बैठक टाकली, ताट मांडलं. तेवढ्यात काठी टेकत मोरिवाकी आत आला. पडद्याकडे बघत उभा राहिला.

"हे मी जाळलं होतं."

"हे राहिलं, गुरुजी," गोन्दा म्हणाला.

"ताट कुणाचं?"

"माझ्या भावाचं. नाव घेऊन वाढणार आहे."

तो सावकाश खाली बसला. "नाव घेतलंस की ते एका घराचं ताट होतं. मग माझे सगळे सिनेमे एका घराचे. त्यांत जगानं बघावं असं काय उरलं?"

"आणि नाही घेतलं तर?" तिनं बाही वर सारली. हाताच्या आरपार पडद्याचा उजेड दिसत होता. "मला संपवतील. मग तुम्हाला."

"मला ते शिवत नाहीत," मोरिवाकी म्हणाला. "त्या ताटापुढे मी स्वतः बसून बघितलंय." मग त्यानं काठीनं पडद्याकडे दाखवलं. "आणि ही बाकीची? नाव घेतल्यावर त्यांना त्यातलं शीतही मिळायचं नाही."

"त्यांना गाडीत तुम्ही बसवलंत. मी नाही."

गोन्दा गाल चोळत प्रोजेक्टरपाशी जाऊन उभा राहिला.

कियोएनं ताट सरळ केलं. जेवायच्या काड्या नीट ठेवल्या. वाफ वर न जाता पडद्याकडे झुकली. तात्सुगोनं खांबावरचं डोकं उचललं आणि पहिल्यांदाच पुढे बघितलं.

तिनं नाव घ्यायला तोंड उघडलं.

फलाटावरचं चघळणं थांबलं. पोरं वळली. चौकटीच्या कडेपर्यंत येता येईल तेवढी पुढे आली, खांद्याला खांदा लावून, आणि तिच्या ओठांकडे बघायला लागली. मग एकाचे ओठ हलले. मग शेजारच्याचे. मग सगळ्यांचेच. प्रत्येक जण तिला आपापलं नाव सांगत होता, पुन्हा पुन्हा, घाईघाईनं.

आवाज येत नव्हता.