चार थेंब तेल

त्या ओल्या टॉवेलखालून मी बोलतेय. हो, सायकलच. केडगावात गोरक्षनाथांच्या फाटकाशी उभी असते ती. हँडलवर टॉवेल, सीटवर पायजमा, ब्रेकच्या दांडीवर मोजे. कपडेच वाळत घालायचे होते तर मला गिअर कशाला बसवले, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यातला. खोक्यात बसून नगरच्या दुकानात आले आणि एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या करणने मला घरी नेलं. त्याने हेल्मेट घेतलं, हातमोजे घेतले, मोबाईल अडकवायचा चिमटा घेतला आणि मला अकरा दिवस चालवलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. करणने दोन दिवस जास्त दिले, एवढे त्याचे उपकार. पुढे तीन वर्षं मी त्याच्या गॅलरीत शर्टांची खुंटी होते. चेन गंजली आणि गिअर एका जागी अडकून बसला. तोही नेमका सगळ्यात जड.

मग करणच्या दाजींना शुगर निघाली. दाजी म्हणजे गोरक्षनाथ, नगर–शिंगणापूर एसटीचे ड्रायव्हर. वय शेहेचाळीस, पोट स्टेअरिंगला टेकलेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तीन महिन्यांत शुगर उतरली नाही तर गाडी चालवायला फिट आहे असं लिहून देणार नाही. मग डेपोत बसून काम. तेही बावीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला. त्यांच्या बायकोने, पंकजाबाईंनी, ही साडेसाती आहे असं ठरवून टाकलं. प्रत्येक स्टँडवर एक याप्रमाणे दिवसाला आठ कप गोड चहा व्हायचा, तो मात्र कुणी साडेसातीत धरला नाही.

करणने मला इथे आणून सोडलं तो शनिवार होता. शनिवारी लोखंड घरात येत नाही, म्हणून पंकजाबाईंनी मला दिवसभर फाटकाबाहेर उन्हात उभं केलं. सासरी आलेल्या सुनेलाही कुणी असं वागवत नाही.

पुढच्या शनिवारी, गोरक्षनाथांच्या सुट्टीच्या दिवशी, आमची पहिली स्वारी निघाली. शहाणा माणूस पहिल्या दिवशी चौकापर्यंत जाऊन येतो. यांनी ठरवलं थेट शिंगणापूर, चाळीस किलोमीटर. देवाला तेल वाहून शुगरसाठी नवसही बोलायचा होता. करण म्हणाला, दाजी, आधी थोडं थोडं करा. त्यावर ते म्हणाले, "बावीस वर्सं चालवतोय ह्या रस्त्यानं. खड्डा न खड्डा म्हाईत हाय मला."

खड्डे माहीत होते, खोटं कशाला बोलू. चढ माहीत नव्हते. चढ आजवर इंजिनाने भोगले होते.

सीट त्यांनी इतकी खाली केली की गुडघे पोटाला लागत. मी पहिल्या पायडलपासून कुरकुरत होते. हँडलला तेलाची बाटली लटकत होती, शुक्रवारीच आणून ठेवलेली, काठोकाठ भरलेली. आणि तिच्याखाली माझी चेन कोरडी ठणठणीत. जाताना इमामपूरचा घाट उताराचा. ते शीळ घालत उतरले आणि यात अवघड काही नाही असं स्वतःशीच म्हणाले. शिंगणापुरात त्यांनी बाटली देवावर उपडी केली, शेवटचा थेंबसुद्धा झटकला आणि परत फिरले.

येताना तोच घाट चढाचा. पहिल्या वळणावर त्यांनी गिअर पाडायला खटका दाबला. मी मनापासून प्रयत्न केला, पण गंजलेली चेन जागची हलेना. ते उतरले, मला ढकलत पन्नास पावलं गेले आणि एका दगडावर बसले. पोटऱ्या चोळू लागले. राग मात्र माझ्यावर निघाला. मागच्या चाकाला एक लाथ बसली. नाचता येईना, अंगण वाकडं.

तेवढ्यात त्यांचीच गाडी आली. त्या दिवशी ती दुसरा ड्रायव्हर चालवत होता, पण कंडक्टर रोजचीच, राजेश्वरी. तिने घंटी मारून गाडी थांबवली. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. ती खाली उतरली, आधी माझी चेन पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"भाऊ, तेल?"

"देवाला वाहिलं."

"समदं?"

त्यांनी रिकामी बाटली उलटी करून दाखवली.

"चार थेंब हिला राखले असते तर देव काय रागावला असता व्हय? आन् तुमी बस कधी टॉप गिअरवर घाटात घालता का?"

मला बसमध्ये मागे आडवं टाकलं. गोरक्षनाथ स्वतःच्याच गाडीत प्रवासी होऊन बसले आणि नगर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. स्टेअरिंग गेल्यावर कसं वाटेल, ते त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

सोमवारी डेपोतल्या मेकॅनिकने माझी चेन डिझेलने धुतली, तेल घातलं, सीट वर केली. गिअर सुटला. मग रोज ड्युटीआधी अरणगावपर्यंत, पंधरा दिवसांनी चासपर्यंत. चहा बिनसाखरेचा झाला. तोंड वाकडं करून प्यायचे, पण प्यायचे. पट्टा दोन भोकं आत गेला. अडीच महिन्यांनी इमामपूरचा घाट आम्ही पाय न टेकता चढलो. चढ लागायच्या आधीच ते गिअर पाडत, बस चालवताना पाडतात तसा. वर पोचल्यावर त्यांनी माझ्या सीटवर थाप मारली. माझे दिवस पालटले, असं मला वाटलं.

तपासणीत शुगर उतरलेली निघाली. स्टेअरिंग राहिलं. घरात पेढे आले आणि यांनी दोन खाल्ले, मी पाहिलं. त्या शनिवारी ते नवस फेडायला शिंगणापूरला गेले. एसटीने. गरज सरो, वैद्य मरो.

संध्याकाळी परतले तेव्हा हातात बाटली होती, तळाशी थोडं तेल.

"हिच्यासाठी राखलंय," ते म्हणाले.

पंकजाबाई दारातूनच म्हणाल्या, "आज शनवार हाय. तेल घरात नगं."

मग ती बाटली माझ्या हँडलला अडकवली गेली. उद्या घालतो, असं ते म्हणाले.

त्या उद्याला आज सत्तावीस दिवस झाले. बाटली अजून इथेच आहे, टॉवेलच्या आत. खायचं तेल चेनला चालत नाही म्हणतात, पण भुकेला कोंडा; मला तेही चालेल. काल ते टॉवेल घ्यायला आले तेव्हा त्यांचा पट्टा एक भोक बाहेर सरकलेला दिसला. मला दिसला, त्यांना नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे आणि तेव्हा माझ्यावर लाथ उगारून उपयोग नाही.

तुम्ही कधी नगर–शिंगणापूर गाडीत बसलात तर माझं एक काम करा. इमामपूरचा घाट लागला की ड्रायव्हरला हळूच विचारा, घरच्या सायकलला तेल घातलं का. त्यांच्या पायांना तो घाट आठवतोय, तोवर विचारा.