ओढ्याकाठची घरं

इझमीरजवळच्या कावाकली गावात वेजीही होजांना ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत भूगोल शिकवला होता, म्हणून सगळे त्यांना होजा, म्हणजे गुरुजी, म्हणायचे. त्यामुळे ते नगराध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा काहवेखान्यात चहा-कॉफी पीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी पत्ते खाली ठेवले आणि म्हटलं, "चला, निदान एक तरी शिकलेला माणूस उभा राहिला."

होजा तिथेच, चहाच्या टेबलाला टेकून बोलले. त्यांना भाषण येत नव्हतं, वर्ग घेतल्यासारखं बोलायचे.

"टेकडीवर मी एकही जादा मजला मंजूर करणार नाही," ते म्हणाले. "माती भुसभुशीत आहे, भूकंपाचा पट्टा आहे. दुसरं, गिरणीच्या ओढ्यात जी घरं आहेत तिथे माणसानं राहणं धोक्याचं आहे. आज ना उद्या पाणी येणार. म्हणून तंबाखूचं जुनं गोदाम पाडून पालिकेनं तिथे भाड्याची घरं बांधायची. ओढ्यातली माणसं आधी तिथे जातील, मगच ओढा मोकळा करायचा. आधी नाही."

कोपऱ्यातून त्यांचा थोरला भाऊ शाकिर उठला. दोघं भाऊ टेकडीवरच्या बापाच्या एकाच घरात राहायचे, होजा तळमजल्यावर एकटे आणि शाकिर वरती बायकोपोरांसह.

"म्हणजे माझे दोन मजले?" शाकिरनं विचारलं. दोन्ही मुलांची लग्नं ठरली होती आणि मजले चढवायचे हे घरात कधीचं पक्कं झालं होतं.

"नाही, आबी." थोरल्या भावाला होजा आबीच म्हणायचे.

"सगळ्यांच्या देखत सांगतोस?"

"तू सगळ्यांच्या देखत विचारलंस."

काहवेखाना हसला. शाकिरनं मात्र टोपी उचलली आणि चहा तसाच टाकून निघून गेला. त्या दिवसापासून जिन्यात भेट झाली की तो खाली मान घालून वर जायचा.

ओढ्यातली माणसं पूर्वेकडून आलेली, बहुतेक बाया अंजिरांच्या कारखान्यात कामाला. त्यांच्यात हाजेर बोलायला पुढे असायची. तिच्या घराच्या भिंतीवर मागच्या पुराची रेघ अजून होती, खिडकीच्या बरोबरीनं. होजांचा प्रचार म्हणजे खरं तर हाजेरच होती. संध्याकाळी कारखाना सुटला की चिकट हात तसेच ॲप्रनला पुसत ती दारोदार फिरायची.

एकदा तिनं होजांना बाजूला घेतलं.

"होजा, एक सांगू? गोदामाचं बोला, घरांचं बोला. पण आमची जागा धोक्याची आहे असं माईकवरून नका बोलू."

"खरं आहे ना पण ते, हाजेर हानिम?" बायांना ते असंच मानानं हानिम म्हणायचे.

"खरं आहे हो. पाणी तुमच्या घरात नाही, माझ्या घरात शिरलं होतं. पण घर मिळायच्या आधी ते शब्द फिरून आमच्याच दारात यायचे."

"मी दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. आधी घर, मग ओढा. कुणालाही समजेल."

"तुमच्या वर्गातल्या पोरांना समजत असेल," हाजेर म्हणाली. मग आपणच हसली, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या गल्लीत गेली.

विरोधात तुर्गाय उभा होता. त्याचं सिमेंट-सळईचं दुकान, आणि एकेकाळी होजांचाच विद्यार्थी. त्याचं म्हणणं सोपं होतं. ज्याला मजला हवा त्याला मजला आणि ज्याच्याकडे घराचा कागद नाही त्याला कागद. ओढ्यात जाऊन त्यानं हाजेरच्या शेजारणीकडे जेवणसुद्धा घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या विटेला कुणी हात लावणार नाही, वहिनी."

निकाल लागला तेव्हा होजा शाळेच्या आवारात उभे होते. टेकडीनं त्यांना जवळजवळ मतंच दिली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या गल्लीची पेटी उघडली तेव्हा मोजणारा मास्तर, त्यांचाच जुना सहकारी, आकडा इतक्या हळू वाचू लागला की कुणीतरी "मोठ्यानं" म्हणून ओरडलं. ओढ्याची मतं दुभंगली होती. घरी परतताना वरच्या मजल्यावर दिवे होते, हसण्याचे आवाज येत होते. होजांनी आपलं दार उघडलं आणि दिवा न लावताच बसून राहिले.

नगराध्यक्ष झाल्यावर तुर्गायनं पहिली सभा घेतली ती ओढ्याबद्दल. चौकात मोठा पडदा लावला होता. पडद्यावर वेजीही होजा दिसले, काहवेखान्यात कुणीतरी फोनवर टिपलेले, टेबलाला टेकलेले. "गिरणीच्या ओढ्यात जी घरं आहेत तिथे माणसानं राहणं धोक्याचं आहे. आज ना उद्या पाणी येणार." तिथे चित्र थांबलं.

"हे माझे विरोधक," तुर्गाय म्हणाला, "पण माझे गुरू. त्यांच्या विद्वत्तेच्या आड मी राजकारण आणणार नाही. ओढा रिकामा होईल."

होजा गर्दीत होते. "पुढचं दाखव," ते म्हणाले. आजूबाजूच्या चार-पाच जणांनाच ऐकू गेलं. त्यातल्या एकानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं, "होजा, शेवटी तुमचंच ऐकलं बघा."

हाजेर पलीकडे उभी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि शेजारणीचा हात धरून गर्दीतून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी होजा पालिकेत गेले. तुर्गाय उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला, त्यांच्या चहात साखर नसते हेही त्याच्या लक्षात होतं.

"गोदामाचं काय?" होजांनी विचारलं.

"गोदाम देऊन झालं. हॉटेल होणार आहे. गावाला पर्यटक नकोत का, होजा?"

"मग ही माणसं जाणार कुठे?"

"हमरस्त्यापलीकडे सरकारी ब्लॉक आहेत. नवे कोरे. लिफ्ट आहे."

"तिथून अंजिरांच्या कारखान्याला दोन बस बदलाव्या लागतात. बायांची पहाटेची पाळी असते."

"होजा, ओढ्यात त्यांचा जीव धोक्यात आहे हे कुणी सांगितलं? मी सांगितलं? मी तर त्यांच्या घरी जेवून आलो होतो." तुर्गायच्या बोलण्यात टिंगल नव्हती, त्याला खरंच तसं वाटत होतं बहुतेक. "चहा गार होतोय."

घरं पाडणं थांबवता येईल का ते विचारायला होजा इझमीरला वकिलाकडे गेले. वकिलानं त्यांच्याच नावानं त्यांचं वाक्य छापलेला पालिकेचा ठराव समोर ठेवला आणि विचारलं, हे विधान तुम्ही नाकारता का? नाकारायचं तरी काय? ओढ्यात राहणं धोक्याचंच होतं.

उन्हाळा लागता लागता यंत्रं आली. हाजेरचं घर दुपारपर्यंत गेलं.

थंडी सुरू झाल्यावर होजा ब्लॉकमध्ये तिला भेटायला गेले. लिफ्ट बंद होती. हाजेरचा नवरा त्यांना पाहून आतल्या खोलीत गेला. हाजेरनं चहा दिला, पण स्वतः बसली नाही. तिचं कारखान्यातलं काम सुटलं होतं. पहाटेची पहिली बस पाळी सुरू झाल्यावर पोचायची.

"मी दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या," होजा म्हणाले. इतक्या पायऱ्या चढून हेच बोलायला आलो का, असं त्यांना बोलताबोलताच वाटलं.

"सांगितल्या होत्या," हाजेर म्हणाली. "मी होतेच ना तिथे."

"मी अजून अर्ज करतोय. गोदामाचं काम सुरू झालेलं नाही."

"नका करू, होजा. तुमच्या अर्जात परत काहीतरी खरं असायचं." तिनं रिकामा ग्लास उचलला. "आणि इथे येत नका जाऊ. शेजारच्या बाया मला विचारतात, ह्या माणसासाठी आमच्या दारात आली होतीस का. मी रोज काय सांगू त्यांना?"

होजांनी बूट घातले. नाडी बांधायला वेळ लागला, तेवढा वेळ ती दार धरून उभी राहिली, घाई केली नाही.

घरी पोचले तर गल्लीत काँक्रीटचा पंप लागलेला. शाकिरच्या दोन नव्या मजल्यांपैकी दुसऱ्याचा स्लॅब पडत होता. शुभ म्हणून दारात मेंढा कापला होता, गल्लीभर मटणाचा वास होता, आणि तुर्गाय स्वतः येऊन स्लॅबला हात लावून गेला होता. होजा भिंतीकडेनं आत शिरले.

थोड्या वेळानं दार वाजलं. वहिनी होती, हातात पुलाव आणि मटणाचं झाकलेलं ताट.

"ते म्हणाले, त्याला देऊन ये," ती म्हणाली. "वर बोलवा म्हटलं तर स्लॅबकडे वळले."

होजांनी ताट घेतलं. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. डोक्यावर माणसांच्या पावलांचा, फावड्यांचा आवाज चालू होता आणि ताज्या काँक्रीटचं पाणी बाहेरच्या बाजूनं त्यांच्या खिडकीवर ओघळत होतं. ते टेबलाशी बसले आणि सगळं ताट संपवलं.