जेवलास का?

"कॅसेट ऐकायला लोक मांडवात कशाला येतील? घरी लोळत ऐकतील की!" गोपाळस्वामींच्या देवळाचे अध्यक्ष सत्तिबाबू दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले. "यंदा उत्सवाला ऑर्केस्ट्राच सांगतो."

"एक तास द्या," माइकसेटवाला गवर्राजू म्हणाला.

"आणि अम्मा काय करणार?"

"उभ्या राहतील. पायांत चाळ आहेत, हातांत चिपळ्या आहेत. गळा तेवढा गेलाय."

सत्तिबाबूंच्या बारशालाही कनकरत्नम्मांचीच हरिकथा झाली होती. "बरं, तासच हं. त्यावर एक मिनिट नाही," म्हणून ते उठले.

गोदावरीच्या कालव्याकाठी चाळीस वर्षं अम्मांची कथा झाली आणि चाळीस वर्षं माइक गवर्राजूनेच लावला. प्रत्येक कथेची कॅसेट त्याने भरून ठेवली होती. अम्मांनी रामकथा सांगितली, कृष्णलीला सांगितल्या. एकच आख्यान राहिलं. ग्रहणाच्या पर्वणीला कुरुक्षेत्री यशोदेला तिचा कान्हा पुन्हा भेटतो, ते. दरसाल त्या म्हणायच्या, "पुढच्या वर्षी रे. यशोदेचं म्हातारपण अजून गळ्यात उतरलेलं नाही." ते उतरलं, आणि वर्षभरात गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच.

आता रोज दुपारी अम्मा पाटी घेऊन दुकानात येत. गवर्राजूने दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर मांडले होते. कुठल्या कथेतलं पद, कुठल्या कथेतलं निरूपण, तुकड्याला तुकडा जोडून तो नवं आख्यान भरत होता. लोणी चोरणारा कृष्ण जुन्या कॅसेटांत होता, अम्मांच्या ऐन विशीतला. वनवासातून परतलेल्या लेकराला कवटाळून रडणारी कौसल्या अगदी अलीकडची.

"अम्मा, स्वर जुळत नाहीत. तुमच्याच दोन आवाजांत जमीन-अस्मानाचं अंतर."

अम्मांनी पाटीवर लिहिलं : *कोवळा कृष्णाचा. थकलेला यशोदेचा. असू दे अंतर.*

गवर्राजूने डोक्यावर हात मारून घेतला. कौसल्येची 'बाळा, बाळा' ही हाक त्याने यशोदेच्या तोंडी घातली आणि कथा पाण्यासारखी पुढे गेली. भेटीपाशी मात्र अडली. समोर द्वारकेचा राजा उभा. गवळ्याघरची म्हातारी त्याच्याशी काय बोलणार?

अम्मांनी लिहिलं : *जेवलास का?*

"एवढंच?"

*आई दुसरं काय विचारते?*

तीन दिवस त्याने कॅसेटा पालथ्या घातल्या. कुठल्याच कथेत ते वाक्य नव्हतं. चौथ्या दिवशी अलीकडची एक कॅसेट अगदी सुरुवातीपासून लावली आणि त्याचा हात थबकला. कथा सुरू व्हायच्या आधी सगळे गवई माइकवर "हॅलो हॅलो" करतात. अम्मांनी ते कधी केलं नाही. त्या माइकपाशी येत आणि विचारत, "गवर्राजू, जेवलास का रे बाळा?" यंत्रामागून तो हात वर करी. म्हणजे जेवलो, आणि आवाजही नीट येतोय. चाळीस वर्षं हेच.

त्याने स्वतःचं नाव कापलं. तीनदा चुकला, चौथ्यांदा नेमकं कापलं गेलं. उरलं ते यशोदेचं झालं.

उत्सवाच्या संध्याकाळी अम्मा रेशमी लुगडं नेसून, गळ्यात हार घालून उभ्या राहिल्या. कॅसेट सुरू झाली. मागे कुणीतरी खुसखुसलं. पण चाळ ठेक्यात पडले, चिपळ्या वाजल्या, ओठ हलू लागले आणि माणसं सावरून बसली. मध्येच कॅसेटमधल्या त्या काळच्या श्रोत्यांनी "गोविंदा!" असा गजर केला. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, ही आमच्या आत्याची हाक! जाऊन बारा वर्षं झाली तिला." पुढच्या गजराला सारा मांडव त्या गेलेल्या माणसांच्या आवाजात आवाज मिसळून ओरडला. सत्तिबाबूंनी घड्याळ केव्हाच उपरण्याखाली झाकलं होतं.

आणि कुरुक्षेत्र आलं. चिपळ्या थांबल्या. कर्ण्यातून तो थकलेला, मायेने ओला आवाज आला :

"जेवलास का रे बाळा?"

अम्मांनी देव्हाऱ्याकडे पाहायचं असं ठरलं होतं. त्या वळल्या त्या यंत्राकडे. ओठ मिटलेले, नजर मात्र उत्तरासाठी थांबलेली.

गवर्राजूच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. त्याने हात वर केला.