चादर धर

"ऐका, पण यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," खजूर उतरवणारा मिस्बाह म्हणाला.

१९११चा हिवाळा होता. त्रिपोलीबाहेरच्या बागा लढाईत गेल्या होत्या आणि गावकरी वाळवंटात तंबू ठोकून राहिले होते. मिस्बाहची ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ होती, तरी चहाच्या वेळी ती व्हायचीच. ती सांगितली की त्याची तेवढी दुपार तरी निभायची.

"इटलीवाल्यांचं ते उडतं यंत्र अगदी आपल्या बागेवर आलं. त्यातून संत्र्याएवढा लोखंडी गोळा सुटला. मी झाडाखालीच होतो. खजुराचा घड झेलतो तशी अंगावरची चादर पसरली आणि अलगद झेलला."

"आणि फुटला नाही?" शेजारच्या बुल्कासमने विचारलं.

"माझ्या हातात फुटायची काय बिशाद त्याची? विहिरीत टाकला. आठ दिवस पाणी उकळत होतं. बायकांनी त्यावरच कुसकुस शिजवला."

सगळे हसले. कोपऱ्यात लोकर कातणारी सलमीन, मिस्बाहच्या धाकट्या भावाची विधवा, तेवढी हसली नाही. तिने चाती खाली ठेवली.

"भावोजी, झाडाखाली माझा नवरा होता. तुम्ही वर शेंड्यावर होतात. वरून काही पडताना दिसलं की ओरडायची तुमची जन्माची सवय. 'चादर धर' म्हणालात, आणि त्याने धरली."